पालिकेची संगणक यंत्रणा बदलताना आधी काय, मग काय

शहराची संगणक यंत्रणा जुनी झाली की बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा निविदा निघते: इतके सर्व्हर, इतके कॉम्प्युटर, एक मोठं सॉफ्टवेअर. काम या टोकापासून सुरू केलं की पुढची दोन-तीन वर्षं निस्तरण्यात जातात. पालिका एक दिवसही बंद ठेवता येत नाही. पाण्याचे पंप चालू हवेत, अग्निशमन केंद्राचा फोन उचलला गेला पाहिजे, मृत्यूचा दाखला मागायला आलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात या म्हणता येत नाही, आणि पगार ठरल्या तारखेला व्हायलाच हवा. म्हणजे जुनं चालू ठेवून त्याच्या शेजारी नवं उभं करायचं आणि एकेक काम इकडून तिकडे न्यायचं. कुठली कंपनी निवडली याची चर्चा फार होते. आमच्या मते त्याहून मोठा प्रश्न आहे तो कोणतं काम कोणत्या कामाच्या आधी करायचं हा.

सुरुवात यादीपासून

आपल्याकडे काय काय आहे, हे बहुतेक पालिकांना नेमकं ठाऊक नसतं. ते चार ठिकाणांहून जमवावं लागतं: खरेदीची नोंदवही, पगारपत्रक, नेटवर्कचं स्कॅन (नेटवर्कला काय काय जोडलं आहे ते शोधणारी तपासणी), आणि प्रत्येक खोलीत पायी जाऊन केलेली पाहणी. हे चारही एकमेकांशी कधीच जुळत नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच खरी माहिती असते. स्कॅनमध्ये दिसतं पण नोंदवहीत नाही, म्हणजे कुणीतरी स्वतःच्या सोयीसाठी आणून जोडलेला वायफाय राउटर, किंवा कॅमेऱ्याच्या कंत्राटदाराने टेबलाखाली ठेवलेला रेकॉर्डर. नोंदवहीत आहे पण स्कॅनमध्ये नाही, म्हणजे भंगारात गेलेलं यंत्र, किंवा नेटवर्कला न जोडलेला एक जुना कॉम्प्युटर, ज्यावर एकच कारकून एकच प्रोग्राम चालवतो आणि ज्याच्याशिवाय एखादा परवाना निघत नाही. पगारपत्रकात नाव नाही पण लॉगिन चालू आहे, म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या माणसाची किल्ली अजून कुलपाला लागते.

यादीतल्या प्रत्येक यंत्रणेसमोर काही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. ती काय काम करते, कोणाच्या ताब्यात आहे, मुख्य पासवर्ड किती जणांकडे आहे, देखभालीचं कंत्राट कधी संपतं, ती माहिती कुठून घेते आणि कुणाला देते, ती बंद पडली तर लोकांची अडचण किती तासांत सुरू होते. शिवाय तिच्या सॉफ्टवेअरला ते बनवणाऱ्या कंपनीचा पाठिंबा कधी संपतो किंवा संपला. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. छोट्या कार्यालयांतले कितीतरी प्रोग्राम ज्यात लिहिले गेले त्या व्हिज्युअल फॉक्सप्रोचा पाठिंबा जानेवारी २०१५ मध्येच थांबला. पाठिंबा संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. फरक इतकाच की सुरक्षेत नवी फट सापडली तर ती बुजवणारी दुरुस्ती सहसा मिळत नाही. दुरुस्ती मिळूनही ती वेळेत न बसवल्याने काय होतं हे जगाने २०१७ मध्ये पाहिलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दुरुस्ती दिली, १२ मेला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती त्यांचे कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले.

पासवर्डच्या रकान्यात ‘एकाकडे’ असं उत्तर आलं तर थांबा. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मुख्य नेटवर्कचे पासवर्ड २००८ मध्ये एकाच कर्मचाऱ्याकडे होते. वाद झाला आणि त्याने ते द्यायला नकार दिला. अटकेनंतरही काही दिवस शहराला स्वतःच्याच नेटवर्कवर ताबा मिळत नव्हता. शेवटी त्याने ते महापौरांच्या हाती दिले. नेटवर्क सगळा वेळ व्यवस्थित चालू होतं, फक्त त्याला हात लावू शकेल असा दुसरा कुणी नव्हता. यावरचा उपाय साधा आहे: प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेचे किमान दोन व्यवस्थापक, आणि आणीबाणीचं एक वेगळं खातं, ज्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत राहतो आणि पाकीट फुटलं की त्याची नोंद होते.

एखादी यंत्रणा ‘कुणी वापरत नाही’ असं ऐकलं की लगेच विश्वास ठेवू नये. काही कामं वर्षातून एकदाच होतात: वार्षिक हिशेब, कराची नवी आकारणी, मतदार यादीसाठी दिलेली माहिती. म्हणून पूर्ण आर्थिक वर्ष पाहिल्याशिवाय यंत्र मोडीत काढायचं नाही. आधी फक्त नेटवर्कची तार काढायची आणि कोण ओरडतं ते पाहायचं. ओरडा झाला तर तार पुन्हा लावायला एक मिनिट लागतं.

बॅकअप, आणि तो परत आणायला लागणारा वेळ

यादीनंतर लगेच बॅकअप. नवीन काहीही बसवण्याआधी, कारण पुढच्या प्रत्येक पावलावर चूक होऊ शकते आणि मागे येण्याची वाट शाबूत हवी.

नियम सोपा आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात. खंडणीखोर व्हायरस आल्यापासून त्यात एक भर पडली आहे: एक प्रत अशी हवी की मुख्य व्यवस्थापकाचा पासवर्ड चोरीला गेला तरी ती पुसता येणार नाही. टेपवर काढून कपाटात ठेवा, किंवा ठरावीक मुदतीपर्यंत बदलता न येणारी साठवण घ्या. हल्लेखोर आत शिरल्यावर आधी बॅकअप शोधून पुसतात आणि मग बाकीचं कुलूपबंद करतात. रोज रात्री त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या डिस्कवर जाणारी प्रत त्यांच्या हाती सगळ्यांत आधी लागते.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरावर मार्च २०१८ मध्ये असा हल्ला झाला. मागितलेली खंडणी सुमारे ५१ हजार डॉलरची होती. सावरण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला आणि पोलिसांच्या गाड्यांवरची कॅमेऱ्याची बरीच जुनी चित्रणं कायमची गेली. बाल्टिमोरवर ७ मे २०१९ ला हल्ला झाला. ईमेल थांबला, घरांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले, पाण्याची बिलं काही महिने निघाली नाहीत आणि नुकसानीचा अंदाज १.८ कोटी डॉलरच्या घरात गेला. नंतरच्या लेखापरीक्षणात असं दिसलं की माहिती तंत्रज्ञान विभागातल्याच काही जणांनी कामाची माहिती आपापल्या कॉम्प्युटरवरच ठेवली होती, तिचा बॅकअप नव्हता आणि ती गेली. बॅकअप सर्व्हरचा घेतला जातो, माणसं मात्र फाइल डेस्कटॉपवर ठेवतात. ही सवय मोडण्यापेक्षा डेस्कटॉपचं फोल्डरच आपोआप सर्व्हरवर जाईल अशी सोय करणं जास्त उपयोगी.

हल्लाच व्हायला हवा असंही नाही. डॅलसमध्ये २०२१ च्या वसंतात पोलिसांचा जुना डेटा क्लाउडमधून (इंटरनेटवरच्या भाड्याच्या साठवणीतून) शहराच्या स्वतःच्या सर्व्हरवर हलवताना सुमारे २२ टेराबाइट पुसले गेले. त्यातले सुमारे ८ टेराबाइट परत मिळाले नाहीत. ते काम एका कर्मचाऱ्याच्या हातून नेहमीच्या कामाच्या ओघात झालं होतं.

बॅकअप आहे का, या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. विचारायचा प्रश्न असा: परत आणायला किती वेळ लागतो? हिशेब करून पाहा. २० टेराबाइट माहिती क्लाउडमध्ये आहे आणि कार्यालयाची लाइन सेकंदाला १०० मेगाबिटची आहे. २० टेराबाइट म्हणजे १६ कोटी मेगाबिट. भागिले १०० म्हणजे १६ लाख सेकंद, म्हणजे साडेअठरा दिवस, तेही लाइन पूर्ण वेगाने आणि दुसऱ्या कुणी न वापरता. गीगाबिटची लाइन असेल तर सुमारे ४४ तास. प्रत्येक यंत्रणेसाठी दोन आकडे आधी ठरवावे लागतात: किती तासांची नोंद गमावलेली चालेल, आणि किती तास बंद राहिलेलं चालेल. अग्निशमनाच्या नियंत्रण कक्षाचं उत्तर मिनिटांत असेल, ग्रंथालयाचं दोन दिवस. सगळ्यांना सारखंच संरक्षण द्यायला गेलं की खर्च परवडत नाही, आणि मग कुणालाच पुरेसं मिळत नाही. दर तीन महिन्यांनी एक यंत्रणा कोऱ्या सर्व्हरवर उभी करून दाखवायची आणि घड्याळ लावून वेळ लिहून ठेवायची. जो बॅकअप परत उभा करून पाहिलेला नाही, त्याला आम्ही बॅकअप धरत नाही.

तारा, स्विच आणि लॉगिन

हा भाग तुलनेने सोपा. इथले दोष ओळखीचे आहेत आणि पैसे टाकले की सुटतात, फक्त अंदाज नीट करावा लागतो.

दोन कार्यालयांना जोडणाऱ्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन घेतल्या, तरी त्या एकाच चरातून गेलेल्या असतात. जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो. कंत्राटात ‘वेगळी लाइन’ इतकंच न लिहिता ‘वेगळा मार्ग’ लिहावं आणि नकाशा मागावा.

कॅमेरे आणि वायफायचे डबे नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेतात. साध्या प्रकारात स्विच, म्हणजे या तारा एकत्र जोडणारा डबा, एका पोर्टला (तार खोचायच्या जागेला) १५.४ वॉट देतो, पुढच्या प्रकारात ३० वॉट. ३७० वॉटची मर्यादा असलेल्या २४ पोर्टच्या स्विचवर साधे २४ कॅमेरे कसेबसे बसतात (२४ गुणिले १५.४ म्हणजे ३६९.६), पण ३० वॉट लागणारे फिरणारे मोठे कॅमेरे १२ च. उरलेले पोर्ट रिकामे दिसतात, तेरावा कॅमेरा मात्र सुरू होत नाही. साठवणीचंही तसंच. सेकंदाला ४ मेगाबिटने चित्रण पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला ४३.२ गीगाबाइट भरतो. ५०० कॅमेऱ्यांचं ३० दिवसांचं चित्रण ठेवायचं तर ६४८ टेराबाइट लागतात. निविदेत कॅमेऱ्यांची संख्या असते, पण हा आकडा बहुधा नसतो, आणि मग चित्रण दहाव्या दिवशीच पुसलं जातं.

पाण्याचे पंप, सिग्नल आणि कार्यालयातले कॉम्प्युटर एकाच सपाट नेटवर्कवर असू नयेत. एका लिपिकाने उघडलेली खोटी बिलाची फाइल पंपाच्या नियंत्रणापर्यंत पोचायला मधे भिंतच नसेल, तर ती पोचते. त्यामुळे स्विचवरच वेगवेगळे विभाग पाडायचे, मधे फायरवॉल, म्हणजे ठरलेलीच ये-जा होऊ देणारी चौकी, ठेवायची आणि पंपाकडे जाणारी वाट फक्त ठरलेल्या एक-दोन यंत्रांपुरती उघडी ठेवायची.

लॉगिन प्रत्येक माणसाचं वेगळं हवं, आणि पासवर्डखेरीज दुसरा पुरावा हवा: फोनवरचा कोड किंवा छोटी यूएसबी किल्ली. खिडकीवर तीन पाळ्यांत तीन माणसं एकाच लॉगिनने बसत असतील तर पावती कुणी रद्द केली हे कधीच कळत नाही. ही सवय लॉगिन करायला वेळ लागतो म्हणून पडलेली असते. कार्ड टेकवलं की पाच सेकंदांत उघडेल अशी सोय दिली तर ती आपोआप सुटते; नुसत्या परिपत्रकाने सुटत नाही. बदली आणि निवृत्तीची नोंद मनुष्यबळ विभागात झाली की त्याच दिवशी जुने हक्क बंद व्हावेत, ही जोडणी एकदाच करायची असते आणि नेहमी राहून जाते.

खरा डोंगर डेटाचा

नवं सॉफ्टवेअर बसवणं आठवड्यांचं काम असतं, जुना डेटा त्यात नीट नेणं वर्षाचं. मालमत्ता कराची नोंद घ्या. वीस वर्षांत तिच्यात काय काय साचलेलं असतं?

एकच मालक तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो: एकदा पूर्ण नाव, एकदा आडनाव आधी, एकदा आद्याक्षरं. जन्मतारीख माहीत नव्हती म्हणून १ जानेवारी १९०० टाकलेली असते, कारण जुना प्रोग्राम तो रकाना रिकामा सोडू देत नव्हता. ‘शेरा’ हा रकाना म्हणजे धर्मशाळा झालेली असते: कोर्टाची स्थगिती, फोन नंबर, सवलतीचं कारण, सगळं तिथेच. नव्या यंत्रणेत स्थगितीला स्वतंत्र रकाना असतो. तो भरला गेला नाही, तर स्थगिती असलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात जप्तीची नोटीस जाते. रोमनखेरीज इतर लिपींत काम करणाऱ्या कार्यालयांत आणखी एक पेच असतो. युनिकोड (सगळ्या लिपींतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी टंकलेल्या नोंदी विशिष्ट फॉन्टच्या जिवावर वाचता येतात. फॉन्ट काढला की मागे निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. त्यांचं रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतातच, त्यामुळे रूपांतरानंतर माणसाने वाचणं टळत नाही.

मधल्या टप्प्यात एक्सेल वापरण्याचा मोह होतो. जपून. ‘००४५२’ हा मालमत्ता क्रमांक एक्सेल ‘४५२’ करून टाकतं, ‘३-१२’ हा घर क्रमांक तारीख होऊन बसतो. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेर याच मर्यादेमुळे कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीत वेळेवर आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला.

डेटा नेताना साफसफाई जुन्या यंत्रणेतच करायची. जो कारकून ती नोंद ओळखतो तो तिथे बसलेला असतो. नव्या यंत्रणेत गेल्यावर चूक कुणाची हेच ठरत नाही. मग रंगीत तालीम, एकदा नव्हे, निदान तीनदा: सगळा डेटा नव्या यंत्रणेत भरायचा, तपासायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. तपासणीचे आकडे ठरलेले हवेत. नोंदींची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का, एकूण थकबाकी शेवटच्या पैशापर्यंत जुळते का, प्रभागवार बेरजा जुळतात का. त्यानंतर दोनशे खाती उचलून शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनी वाचायची. ती सरसकट न उचलता मुद्दाम अवघड निवडायची: विभागलेली मालमत्ता, मृत मालक, कोर्टातलं प्रकरण, परत केलेली रक्कम.

एक बिलाचं चक्र दोन्ही यंत्रणांवर चालवलं की उरलेले फरक बाहेर येतात. बरेचसे हिशेबाच्या सवयीचे असतात. अडीच हा आकडा पूर्ण करताना काही सॉफ्टवेअर तीन करतात, काही जवळच्या सम आकड्याकडे नेऊन दोन करतात. व्याज ३६५ दिवसांनी काढायचं की ३६० दिवसांनी, यावरही बिल बदलतं. फरक छोटा असतो, पण लाखभर बिलांत तो लाखभर तक्रारी घेऊन येतो. कुठली पद्धत कायद्याला धरून आहे हे लेखा विभागाने लेखी द्यायचं, प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही.

हलवण्याचा दिवस

एका यंत्रणेचं स्थलांतर शुक्रवारी संध्याकाळी ६ ला सुरू करून सोमवारी सकाळी ९ ला खिडकी उघडायची, तर हातात ६३ तास असतात. तालमीत डेटा भरायला ३० तास आणि तपासायला १० तास लागले, आणि बिघडलं तर जुनी यंत्रणा परत उभी करायला १४ तास लागतात असं दिसलं. म्हणजे परत फिरायचं असेल तर निर्णय रविवारी संध्याकाळी ७ च्या आत व्हायला हवा. सगळं सुरळीत गेलं तर तपासणी रविवारी सकाळी १० ला संपते, म्हणजे सवड नऊ तासांची. ही वेळ आणि ‘कोणते आकडे जुळले नाहीत तर परत फिरायचं’ ही अट आठवडाभर आधी कागदावर सही होऊन ठेवलेली हवी. रविवारी संध्याकाळी थकलेल्या माणसांना ‘अजून दोन तास थांबू’ असंच वाटतं, आणि तसे दोन-दोन तास करत सोमवार उजाडतो. कर भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात, पगाराच्या आठवड्यात आणि निवडणुकीच्या काळात काहीही हलवायचं नाही.

सगळ्या विभागांसाठी एकच मोठं सॉफ्टवेअर एकाच दिवशी सुरू करण्याची योजना कागदावर स्वस्त दिसते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, एप्रिल २०२२ मध्ये हिशेब आणि पगाराचं जुनं एसएपी सॉफ्टवेअर काढून ऑरेकल कंपनीचं सुरू केलं. तयार सॉफ्टवेअरप्रमाणे आपलं काम बदलण्याऐवजी जुन्या पद्धती टिकवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्येच बदल केले गेले. बँकेत आलेले पैसे खात्यांशी जुळवणारा भाग त्यांपैकीच होता आणि तो नीट चालला नाही. हिशेब बंद करणं अडलं, आधी १.९ कोटी पौंड धरलेला खर्च पुढे दहा कोटींच्या पलीकडे जाईल असे अंदाज आले. ५ सप्टेंबर २०२३ ला कौन्सिलने पैसे पुरत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली. तिचं मोठं कारण समान वेतनाचे दावे होतं, पण ऑरेकलचा खर्चही कारणांत होता. तयार सॉफ्टवेअर घेताना प्रत्येक बदलाच्या मागणीपुढे ‘हे कायद्याने लागतं की सवयीने?’ असं विचारायचं. सवयीने लागत असेल तर सवय बदलायची.

सुरुवात अशा कामाने करावी जे लोकांना दिसतं पण बिघडलं तरी कुणाचं फार अडत नाही: सभागृहाचं आरक्षण, कुत्र्याचा परवाना. मग पाणीबिल, मग कर, आणि सगळ्यांत शेवटी मुख्य हिशेब आणि पगार. अधल्यामधल्या काळात जुनं आणि नवं एकमेकांशी बोलायला हवं, त्यासाठी मधे एक ठरलेला दुवा ठेवतात. एस्टोनियाने २००१ पासून एक्स-रोड नावाने हेच देशभर केलं: प्रत्येक खात्याचा डेटा त्याच्याकडेच राहतो, दुसऱ्या खात्याला लागेल तेवढाच ओळख पटवून आणि नोंद ठेवून दिला जातो. सगळं एका मोठ्या डेटाबेसमध्ये ओतण्यापेक्षा आम्हाला हा मार्ग जास्त पटतो, कारण एक खातं बदललं तरी बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

कंत्राटात बाहेर पडण्याची अट पहिल्या दिवशी लिहायची: सगळा डेटा खुल्या स्वरूपात (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडेल असा), प्रत्येक रकान्याच्या अर्थासह, ठरलेल्या दिवसांत, वेगळे पैसे न घेता. आणि ती पहिल्याच वर्षी एकदा वापरून पाहायची. पाचव्या वर्षी मागितलेला डेटा चित्रांच्या पीडीएफमध्ये हाती पडला की करायला काही उरत नाही. खर्चाचंही असंच आधी ठरवायचं. ३,००० कॉम्प्युटर पाच वर्षं चालतात असं धरलं तर दरवर्षी ६०० बदलायचे असतात, हा वार्षिक खर्च आहे. तो अंदाजपत्रकात दरवर्षी नसेल तर सगळे एकदम जुने होतात आणि पुन्हा मोठी निविदा निघते.

शेवटचं काम जुनं बंद करण्याचं, आणि हेच सगळ्यांत जास्त लांबतं. नवं सुरू झालं, लोक खूश, आणि जुना सर्व्हर ‘असू दे, कधी लागला तर’ म्हणून चालूच राहतो, दुरुस्त्यांशिवाय, सगळ्यांचे जुने पासवर्ड पोटात घेऊन. त्याला आधी फक्त वाचण्यापुरता ठेवा. कायद्याने जपायच्या नोंदी खुल्या स्वरूपात काढून दुसरीकडे ठेवा आणि त्या तिथे उघडतात हे पाहा. एक पूर्ण आर्थिक वर्ष गेलं की तार काढा. महिनाभर कुणी ओरडलं नाही की डिस्क बाहेर काढून प्रमाणित पद्धतीने पुसा किंवा चुरा करा, अनुक्रमांकासह दाखला घ्या, त्याचं देखभालीचं कंत्राट रद्द करा, आणि पहिल्या दिवशी केलेल्या यादीतल्या त्याच्या ओळीवर तारीख टाकून काट मारा.